सतरावा प्रश्न

आजार मला झाला होता, पण त्याचा फॉर्म माझ्या मुलानं भरला. ह्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या पाचव्या मजल्यावर आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. अभिनंदनच्या हातात शाळेतल्या पाटीएवढा पडदा होता आणि तो एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत होता, कारण मी चष्मा घरी विसरून आलो होतो.

मी भूपाल मगदूम, सांगलीचा. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक कृष्णेची पातळी मोजण्यात. पुलाच्या खांबावर फुटांचे आकडे रंगवलेले असतात, ते वाचायचे आणि वहीत लिहायचे, पावसाळ्यात दर तासाला. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. पुढे यंत्रं आली, पण यंत्र बरोबर सांगतंय का हे बघायला माणूस लागायचाच, आणि तो माणूस मी. डोळ्यांनी बघितल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हा माझा हट्ट होता. घरी बसून अंदाजानं आकडे टाकणारे सहकारी मला खडूस म्हणत. म्हणोत बापडे.

२०४३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. लघवीला वरचेवर उठावं लागायचं, ते वयाचं म्हणून मी वर्षभर अंगावर काढलं. मग रक्त तपासलं, मग सुईनं प्रोस्टेटचे बारा तुकडे काढले, आणि त्यातल्या चारांत कर्करोग निघाला. फार दांडगा नाही, अगदी गरीबही नाही, मधला. डॉक्टर म्हणाले, "म्हाताऱ्या पुरुषांत हा पुष्कळांना असतो. बरेच जण ह्याच्यासकट मरतात, ह्याच्यामुळे नाही. तुम्ही त्यांतले की दुसऱ्यांतले, एवढाच प्रश्न आहे."

वाटा तीन होत्या. पहिली, ग्रंथी कापून काढायची. त्यात रोग मुळासकट जाण्याची आशा जास्त, पण लघवीवरचा ताबा काही अंशी जाऊ शकतो, आणि ग्रंथीला चिकटून ज्या बारीक नसा जातात त्या दुखावल्या तर नवराबायकोचा शरीरसंबंध संपतो. दुसरी वाट किरणांची, पण माझ्या आतड्याचं जुनं दुखणं आहे, त्यामुळे ती जवळजवळ बंदच होती. तिसरी म्हणजे काही करायचं नाही, फक्त लक्ष ठेवायचं. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि काही हललं तर हात घालायचा. पूर्वीच्या काळी डॉक्टर ह्या तिन्ही वाटा समोर ठेवायचे आणि म्हणायचे, ठरवा. लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांना, मेहुण्याला, देवाला विचारून ठरवायचे. आमच्या वेळेपर्यंत त्यासाठी प्रतिदेह आला होता.

प्रतिदेह म्हणजे माझीच संगणकात बांधलेली प्रतिकृती. मिरजेत सगळे त्याला 'जुळा' म्हणत. तो बांधायला तीन महिने लागले. माझ्या ग्रंथीचे आतून फोटो घेतले. गाठीतल्या पेशी बशीत वाढवून त्या किती वेगानं वाढतात आणि कशानं मरतात ते पाहिलं. माझी जनुकं वाचली. मनगटावर एक कडं बांधलं, ते माझी झोप, नाडी, लघवीच्या वेळा सगळं लिहून घेत होतं. मग माझ्यासारख्या लाखो पुरुषांचं पुढे काय झालं त्याची नोंद त्याला जोडली, आणि त्या जुळ्याला तिन्ही वाटांनी दहा दहा हजार वेळा जगायला लावलं. किती वेळा रोग हाडांत गेला, किती वेळा मी हृदयविकारानं आधीच मेलो, किती वेळा पंच्याऐंशीचा झालो, हे मोजलं.

तिथल्या समुपदेशक शबाना मुजावर ह्यांना मला हे समजावताना फार कष्ट पडले नाहीत. धरणातून सोडलं किती, वर पाऊस किती, पात्र कसं आहे, ह्यावरून उद्या पुलाशी पाणी किती चढेल हे गणित मी आयुष्यभर बघत आलो होतो. इथे नदीच्या जागी मी होतो, एवढंच.

"पण काका," त्या म्हणाल्या होत्या, "जुळा फक्त काय होईल ते सांगतो. त्यातलं तुम्हाला काय चालेल आणि काय चालणार नाही, ते त्याला माहीत नाही. ते तुम्ही सांगायचं. त्यासाठी हे चाळीस प्रश्न."

हेही मला पटलं. पाणी किती येणार ते गणितानं कळतं. घर सोडायचं की नाही, ते त्या घरात काय आहे त्यावर ठरतं.

तर ते चाळीस प्रश्न अभिनंदन वाचत होता. अभिनंदन माझा एकुलता एक मुलगा, बेदाण्याच्या शीतगृहात व्यवस्थापक, पंचेचाळीसचा. माझ्या आजारानं माझ्यापेक्षा तोच जास्त वाळला होता. सुगंधाला, म्हणजे माझ्या बायकोला, आम्ही बरोबर आणलं नव्हतं. पुरुषाचा आजार, तिथं बाईमाणसाचं काय काम, असं कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनी धरून चाललं.

अकरावा प्रश्न असा होता की एक वर्ष जास्त जगायला मिळणार असेल तर रोज कपड्याखाली लघवीसाठी पॅड बांधावा लागला तरी चालेल का. "चालेल की," मी म्हणालो. पोरासमोर दुसरं काय म्हणणार होतो?

सतराव्या प्रश्नाला अभिनंदन वाचता वाचता थांबला. मग खाली मान घालून त्यानं भरभर वाचून टाकला. पतिपत्नीमधली शारीरिक जवळीक आज आहे का, असल्यास तुमच्या दृष्टीनं तिचं मोल किती, ती कायमची थांबली तर कितपत गमावल्यासारखं वाटेल. त्याचे कान लाल झाले होते.

"दादा, इथं 'लागू नाही' असा एक पर्याय आहे," तो म्हणाला. "ते टाकतो."

"टाक की," मी खिडकीबाहेर बघत म्हणालो. त्या उत्तराबरोबर त्याच विषयावरचे पुढचे चार प्रश्न आपोआप मिटले आणि आम्हा दोघांनाही हायसं वाटलं.

आठ दिवसांनी अहवाल आला. शस्त्रक्रिया करावी, असा कौल होता, आणि हा कौल माझ्या उत्तरांशी शंभरात एक्क्याण्णव इतका जुळत होता. शस्त्रक्रिया केली तर दहा वर्षांत रोग पसरण्याची शक्यता शंभरात सात. नुसतं लक्ष ठेवलं तर शंभरात एकोणीस. डावीकडच्या नसा जाणारच, उजवीकडच्या वाचण्याची आशा थोडी. पण त्या नसांचं मोल माझ्या उत्तरांनी आधीच शून्य करून ठेवलं होतं, त्यामुळे जुळ्यानं त्यांचा विचार केला नाही. अभिनंदनला एवढा आनंद झाला की त्यानं त्याच दिवशी शस्त्रक्रियेसाठी बावीस तारीख पक्की केली. मला पडद्यावर वाचायला आवडत नाही म्हणून अहवालाची छापील प्रतही घरी आणून ठेवली.

ती प्रत सुगंधानं वाचली. दुपारची वेळ होती, मी पेपर बघत आडवा झालो होतो. ती रोज मंदिरात स्वाध्यायाला जाणारी, जाडजूड ग्रंथ वाचणारी बाई, अकरा पानांचं तिला काय! तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळ न् ओळ वाचली आणि मग चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"हे कुणी लिहिलं?"

"काय ते?"

"सतरा नंबर."

मी उठून बसलो. "अभिनंदननं वाचलं, मी होय म्हटलं. पोरगं समोर बसलेलं, सुगंधा. काय सांगायचं होतं मी?"

तिनं आवाज चढवला नाही. तिचा आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"पाच वर्षांमागं चातुर्मासाला माताजी आल्या होत्या. आठवतंय?"

आठवत होतं. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या बहुतेक वयस्कर बायकांनी त्या साध्वी माताजींसमोर ब्रह्मचर्याचा नियम घेतला होता. आमच्या जैन समाजात वय झालं, मुलंबाळं मार्गी लागली, की पुष्कळ जोडपी तो नियम घेतात. त्यात मान असतो, आणि न घेणाऱ्याला तोंडावर कुणी काही बोलत नसलं तरी पाठीमागे बोलतात.

"एकेकीची पाळी येत येत माझ्यापर्यंत आली," ती म्हणाली. "मी हात जोडून म्हटलं, माताजी, अजून नाही. सगळ्या बायका मागं वळून बघायला लागल्या. शेजारच्या कुसुमताई तर दिवाळीपर्यंत टोमणे मारत होत्या. मी ऐकून घेतलं. का ऐकून घेतलं, सांगा की."

मी पेपराची घडी घातली.

"भर मंदिरात मला लाज वाटली नाही. आणि तुम्ही पोटच्या पोरासमोर ते एका शब्दात खोटं करून आला."

वयाप्रमाणे आमचं सगळं उणावलं होतं. महिनाच्या महिना जायचा. पण संपलं नव्हतं. अजून ती माझ्याकडे वळून निजायची आणि मी तिच्याकडे, आणि सत्तेचाळीस वर्षं जी बाई मला माहीत होती ती तेव्हा मला नव्यानं माहीत व्हायची. ह्यापलीकडे मी लिहिणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असं मी मानत आलो होतो. पण अंदाजानं आकडे टाकणाऱ्यांवर मी जन्मभर डाफरलो आणि स्वतःच्या घरातला आकडा डोळ्यांनी बघूनसुद्धा खोटा लिहून आलो, ह्याची त्या दुपारी मला जी लाज वाटली तशी कधी वाटली नव्हती.

"मग ऑपरेशन नको म्हणतेस?" मी विचारलं.

"तसं कुठं म्हणते मी? करायचं तर करा. पण मला विचारून करा. जे जाणार ते काय तुमचं एकट्याचं नाही."

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही दोघं बसनं मिरजेला गेलो, अभिनंदनला न सांगता. चष्मा मी घरापासूनच डोळ्यांवर ठेवला होता. मुजावर मॅडमना सांगितलं की एक उत्तर चुकलंय, फॉर्म पुन्हा भरायचाय. कुठलं ते त्यांनी विचारलंच नाही.

"काका, ह्या खोलीत वडिलांचा फॉर्म मुलंच भरतात," त्या म्हणाल्या. "दहांतले सात जण सतराव्याला तेच उत्तर देतात. आम्हाला कळतं, पण पोरासमोर आम्ही तरी कसं विचारणार? परत येणारे तुम्ही पहिले."

त्यांनी आम्हाला दोन वेगळ्या खोल्यांत बसवलं. जोडीदाराची उत्तरंही घेण्याची सोय त्यात होती, फक्त कुणी ती मागत नव्हतं. मी चाळीसच्या चाळीस प्रश्न स्वतः वाचले. पॅडच्या प्रश्नालाही खरं उत्तर दिलं. दोन तास लागले. सुगंधाला अडीच.

मुजावर मॅडमनी नवा निकाल आमच्यासमोर ठेवला. मग म्हणाल्या, "काकांच्या उत्तरांनी पारडं लक्ष ठेवण्याकडे झुकतं. काकूंच्या उत्तरांनी शस्त्रक्रियेकडे. दोघांची एकत्र धरली तर इतका थोडा फरक उरतो की जुळ्याची स्वतःची चूकच त्याहून मोठी आहे. म्हणजे जुळ्याकडे आता सांगण्यासारखं काही नाही."

मी सुगंधाकडे बघितलं. एवढं सगळं बोलून ही शस्त्रक्रियेकडे?

"मला तुम्ही हवे आहात," ती म्हणाली. "विचारलं म्हणून सांगितलं. पण आहे ते आहे असं लिहिलंय मी. नाही म्हणून नाही लिहिलं."

रुग्णालयाच्या आवारात एका बाकावर आम्ही बसलो. उत्तरं खोटी दिली तेव्हा यंत्रानं ठणकावून सांगितलं होतं, आणि खरी दिल्यावर ते गप्प झालं होतं. मला त्या यंत्राचा राग आला नाही, पण आधार तुटल्यासारखं वाटलं हे खरं.

"एकोणीस म्हणजे किती हो?" सुगंधानं विचारलं.

"माझ्यासारखे शंभर जण धर. काही न करता बसले तर दहा वर्षांत एकोणीस जणांचा रोग पसरणार."

"आणि कापून काढलं तर?"

"सातांचा."

"म्हणजे मध्ये बारा जण." तिनं बोटांची पेरं मोजली. "मला वाटलेलं, न कापलं तर रोग पसरणारच. त्या बारांत आपण असू म्हणून आजच सगळं सोडून द्यायचं? मला नाही पटत. दर तीन महिन्यांनी तपासणार आहेत की. लक्ष ठेवू या."

मला तेच हवं होतं. मी लगेच होय म्हणालो, आणि ठरवलं ते तिनं, हे मी तेव्हा लक्षातही घेतलं नाही.

अभिनंदनला सांगणं सगळ्यात जड गेलं. तो संध्याकाळी आला, मी बावीस तारीख रद्द केल्याचं सांगितलं.

"एक्क्याण्णव आला होता, दादा. एक्क्याण्णव. आणि तुम्ही जाऊन उत्तरं बदलून आला?"

"बदलली नाहीत. खरी दिली."

"कुठलं खोटं होतं त्यात?"

"सतरावं."

त्याला आधी आठवलं नाही. मग आठवलं, आणि तो जमिनीकडे बघायला लागला. मी ठरवून ठेवलं होतं म्हणून बोलू शकलो. "अभिनंदन, मी आणि तुझी आई अजून नवराबायको आहोत. तू 'लागू नाही' लिहिलंस आणि मी लिहू दिलं. चूक माझी आहे, तुझी नाही. पण मला त्या चुकीवर ऑपरेशन करून घ्यायचं नाही."

"मला माझा बाप हवाय," तो म्हणाला. "मला दुसरं काही कळत नाही."

चहा न घेता तो गेला. दोन महिने तो माझ्याशी कामापुरतं बोलला. पण दर तीन महिन्यांनी तपासणीच्या दिवशी सकाळी आठला गाडी घेऊन दारात उभा असायचा, एकदाही चुकला नाही.

तीन वर्षं तपासणी स्थिर राहिली. बारा वेळा रक्त दिलं, बारा वेळा आकडा जागच्या जागी. अभिनंदनही निवळला. तेराव्या तपासणीच्या आधीच माझा उजवा खुबा दुखायला लागला. मी जिना चढताना कठडा धरायला लागलो आणि सुगंधानं तेल लावून दिलं. मग फोटो काढले, तेव्हा खुब्याच्या हाडात आणि मणक्यात दोन ठिकाणी रोग दिसला. ह्या पेशी रक्तात फारशी खूण सोडणाऱ्या नव्हत्या, म्हणून तपासणीला चकवून गेल्या. शंभरात एक-दोघांचं असं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. यंत्र चुकलं नव्हतं. त्यानं एकोणीस सांगितले होते आणि एकोणिसांत कुणीतरी असतंच.

मग इंजेक्शनं सुरू झाली. ती पुरुषाच्या अंगातला रसच बंद करतात, त्यावर हा रोग जगतो म्हणून. त्यामुळे ज्यासाठी मी शस्त्रक्रिया टाळली होती ते तसंही संपलं. डॉक्टरांच्या हिशेबानं माझ्याकडे तीन वर्षं होती, चांगलं चाललं तर चार.

सुगंधाचं जेवण त्या दिवसापासून तुटलं. ताटावर बसायची, भाकरीचा तुकडा मोडायची, आणि तसाच ठेवून उठायची. आठवडाभर मी बघितलं. मग एका दुपारी ती आपणहूनच म्हणाली, "बारा जणांचं मी बोलले होते."

"मी होय म्हटलं होतं."

"तुम्ही म्हणणारच होता. मी नको म्हणायला पाहिजे होतं. त्या सतरा नंबरावरनं मी तुम्हाला बोलले नसते तर बावीस तारखेला सगळं झालं असतं."

अभिनंदनचं वेगळंच चाललं होतं. एव्हाना जुळ्याला मागे वळून बघताही येऊ लागलं होतं. हाडातल्या गाठीचा तुकडा काढायचा. पेशी वाढताना त्यांच्या जनुकांत ठरावीक वेगानं बारीक बारीक बदल साचत जातात, ते मोजायचे. मूळ ग्रंथीतल्या पेशींशी ताडून बघितलं की ह्या पेशी तिथून कधी निघाल्या तो काळ मिळतो. एकदा तो मिळाला की न घेतलेल्या वाटेनं काय झालं असतं ते जुळा जवळजवळ खात्रीनं सांगतो. "दादा, एकदा बघू या," अभिनंदन म्हणायचा. "आधीच पसरला असेल तर ऑपरेशननंही काही झालं नसतं. आईलाही बरं वाटेल. नाहीतर मी आयुष्यभर हेच घोकत बसेन."

मी एकटाच गेलो. तुकडा उपचारासाठी काढलेलाच होता, फक्त सही द्यायची होती. पंधरा दिवसांनी निकाल बघायलाही एकटाच गेलो.

मुजावर मॅडमच्या केसांत आता पांढरे दिसत होते. त्या म्हणाल्या, "काका, न बघता पण जाता येतं. एकदा बघितलं की मग न बघितल्यासारखं राहता येत नाही."

"दाखवा," मी म्हणालो.

पेशी निघाल्या होत्या २०४५ च्या फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान. शस्त्रक्रिया ठरली होती त्यानंतर पावणेदोन वर्षांनी. ती झाली असती तर तेव्हा ग्रंथी जागेवरच नसती. दहा हजारांपैकी नऊ हजार चारशे फेऱ्यांत मी आज निरोगी होतो. सगळ्यांची सरासरी धरली तर आणखी अकरा वर्षं जगणार होतो.

परतीच्या बसमध्ये मी खोटं तयार केलं. रोग आधीच निघाला होता, बावीस तारखेच्याही आधी, कापून काही उपयोग झाला नसता. चांगलं, सरळ खोटं होतं. सुगंधा जेवायला लागली असती, अभिनंदन निश्चिंत झाला असता, आणि मुजावर मॅडमनी कुणाला काही सांगितलं नसतं. मिरज ते सांगली मी ते वाक्य दहा वेळा मनात म्हणून बघितलं आणि दहाही वेळा बरोबर आलं.

घरी आलो तर ती स्वयंपाकघरात भाकऱ्या करून बसली होती. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा आमच्या घरचा नेम. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं.

"मिरजेला गेला होता."

"होय."

"काय आलं?"

मी वाक्य म्हणायला तोंड उघडलं. पण एकदा ह्या बाईला बाहेर ठेवून तिच्या वाटणीचं उत्तर मी देऊन आलो होतो, आणि तेव्हा ती कशी बसली होती ते मला माहीत होतं. वाक्य बाहेर आलं नाही. मी पाट ओढून बसलो आणि जे होतं ते सगळं सांगितलं. नऊ हजार चारशे सांगितले, अकरा वर्षंही सांगितली.

ती रडली नाही. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग विचारलं, "कधी निघाल्या म्हणाला?"

"पंचेचाळीस साली. फेब्रुवारी ते एप्रिल."

"तेव्हा घराला रंग काढला होता," ती म्हणाली. "आपण वर गच्चीतल्या खोलीत राहत होतो."

खरंच की. रंगाऱ्यांनी खालचं सगळं घर अडवलं होतं म्हणून तीन आठवडे आम्ही वरच्या एका खोलीत संसार थाटला होता. एक शेगडी, दोन पातेली, एक गादी. कुणाचं येणंजाणं नव्हतं. सत्तरी ओलांडलेली दोन माणसं नव्या जोडप्यासारखी तिथे राहिली होती, आणि रंग वाळून गेल्यावरही चार दिवस आम्ही खाली आलो नव्हतो.

"मला तुमची अकरा वर्षं हवी होती," सुगंधा म्हणाली. आता तिचा आवाज फुटला होता, पण ती थांबली नाही. "देवाला माहीत आहे, फार हवी होती. तुम्ही गेल्यावर रोज मी त्यांच्यासाठी रडणार आहे. पण ते वरचे दिवस मी परत द्यायची नाही. पाप असलं तर असू दे. कुणी विचारलं तर मी होय म्हणून सांगेन. अभिनंदननं विचारलं तरी."

मी तिचा हात धरला, त्याला भाकरीचं पीठ होतं. मला जायचं नव्हतं. त्या घडीइतकं जगावंसं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि हे मी तिला सांगितलंही.

ती ऐकून घेऊन उठली, हात धुतले आणि खिडकीकडे बघून म्हणाली, "ऊन उतरलं. ताटं घेते."

तिनं दोघांचं वाढलं. पहिला घास तिनं खाल्ला, मग दुसरा, मग भाकरी संपवून अर्धी आणखी घेतली. आणि अभिनंदनला सगळं खरं सांगायचं, दोघांनी मिळून समोर बसवून सांगायचं, हे आम्ही जेवतानाच ठरवलं.